तळीतला तिबेरियस

वर्तक सर भित्रे होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला लागले की कुणाला वाटायला नको, ही बाई काहीतरी लपवतेय. भित्रे म्हणजे किती? तर दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या रोमन बादशहाला नावं ठेवायची असली तरी ते आधी खिडकी बंद करायचे.

इथं एमिरेट्समध्ये, अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूळचे पेणचे. इथल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवायचे. साठी उलटली होती, करार वर्षावर्षानं वाढायचा. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशावर सतत एक हात. त्या खिशात त्यांचं आणि त्यांच्या बायकोचं, सुलभाकाकूंचं, एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र असायचं. काकू मला हसून सांगायच्या, "अगं सुजाता, हे झोपेतसुद्धा खिसा चाचपतात. अंगात बनियन असलं तरी!"

मी पहिल्यांदा या घरात सामान घेऊन आले, तेव्हा लिफ्टमधून बाहेर पडताना ठेचकाळले. समोरच्या दारातून आवाज आला, "थांबा! आत जाऊ नका लगेच. जरा पाणी प्या." मी म्हटलं, हा कोण बुवा? तर सर म्हणाले, "रोमन माणूस उंबऱ्याशी ठेचकाळला की त्या दिवसाचं काम सोडून घरी परतायचा. अर्ध्या जगाला तलवारीनं कापत गेलेली माणसं हो, पण ठेच लागली की परत." मग स्वतःच ओशाळून म्हणाले, "मी आपलं सहज सांगितलं. तुम्ही जा. उजवा पाय आधी टाका म्हणजे झालं." माझी आईपण हेच सांगायची, त्यामुळे मला हा माणूस एकदम माहेरचा वाटला.

माझी मुलगी ईरा त्यांच्याकडे शिकायला जायची. ट्यूशन नव्हे, नुसत्या गप्पा. ती इंग्रजीत बोलायची, सर मराठीत, आणि दोघांचं मस्त जमायचं. एकदा मी तिला आणायला गेले तर सर कोंबड्यांची गोष्ट सांगत होते. रोमन आरमार लढाईला निघालं की जहाजावर पवित्र कोंबड्या असायच्या. त्यांनी दाणे टिपले तर शकुन चांगला. एका सेनापतीच्या कोंबड्या खाईनात. तो चिडला, म्हणाला खात नाहीत तर पिऊ देत, आणि दिल्या समुद्रात फेकून. लढाई सपशेल हरला.

ईरा म्हणाली, "सर, दॅट्स सो डंब. चिकन्सचा काय संबंध?"

"कोंबड्यांचा नाहीच संबंध, बाळा. जहाजावरचे हजारो लोक त्या कोंबड्यांना भीत होते. हा एकटा भीत नव्हता. ज्याला भीती कळत नाही ना, त्याच्या हाताखाली कधी काम करू नये."

मी दारातून चिडवलं, "सर, भित्यापाठी ब्रह्मराक्षस!" तर म्हणाले, "असतोच हो. म्हणून तर मागं वळून बघायचं."

रोमचा इतिहास लोक शौर्याचा म्हणून शिकवतात, सर तो भीतीचा म्हणून शिकवायचे. चौकात लावलेल्या याद्या, ज्यात नाव आलं की माणूस संपला, आणि रोज सकाळी ती यादी वाचायला जाणारे नागरिक. जेवणाच्या पंगतीत बसलेले खबरे. नोकराला ऐकू जाईल म्हणून बायकोशी खुणांनी बोलणारा नवरा. हे सांगताना त्यांचा आवाज इतका खाली जायचा की ऐकणाऱ्याला पुढं वाकावं लागायचं. घरी आल्यावर मी दाराची कडी दोनदा बघायचे आणि स्वतःवरच वैतागायचे.

पण त्यांची भीती नुसती स्वभावातली नव्हती, हे मला लवकरच कळलं. काकूंच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. सगळा खर्च शाळेच्या इन्शुरन्समधून. नोकरी गेली की इन्शुरन्स गेला, व्हिसा गेला, आणि पेणला जाऊन हे सगळं कसं चालवायचं, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. सर सिग्नलला भ्यायचे, पार्किंगवाल्याला भ्यायचे, इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी काही फॉरवर्ड केलं तरी भ्यायचे. त्या सगळ्याच्या तळाशी काकूंचं ते मशीन होतं.

असा माणूस सहल काढायला तयार झाला, हेच नवल. उम्म अल क्वैनच्या किनाऱ्याजवळ एका जुन्या बंदराचे अवशेष आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी तिथं रोमन काच यायची, मद्याचे रांजण यायचे, नाणी यायची, आणि आपल्याकडून मिरी जायची. आमच्या मंडळानं सरांच्या मागं लागून लागून त्यांना तयार केलं. सरांनी सरकारी पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी काढली, स्वतःच्या सहीनं. बसमध्ये उभं राहून सगळ्यांना बजावलं, "काहीही उचलायचं नाही. खापर नाही, खडा नाही, शंखसुद्धा नाही. इथला दगडसुद्धा सरकारचा आहे. तुरुंग आहे याला, समजलं?" पोरं हसली. सर हसले नाहीत.

त्या सहलीला आई आल्या होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, साताऱ्याकडच्या, तीन महिन्यांच्या व्हिजिटवर आलेल्या. भाजी घेतली तरी मोठ्यानं हिशेब करायच्या, "सात दिरहमला वांगी? म्हंजे दीडशेच्या वर रुपये झाले की! सोन्याची हायत का?" पण त्यांच्या मनात एक सल होता. सासरे गेल्यावर वाटण्या झाल्या, तेव्हा देव थोरल्या घरी गेले. खंडोबाचा चांदीचा टाक, जो त्यांनी चाळीस वर्षं पुजला, तो जावेच्या देव्हाऱ्यात गेला. रीतच आहे ती, कुणाची चूक नाही. पण तेव्हापासून आई म्हणायच्या, "माझ्या घरात देव न्हाई."

सहलीनंतर दोन दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "सुजाता, मल्हारी आला बरं का घरी." मी ऑफिसच्या घाईत होते. मला वाटलं, मीना बाजारात सोनाराकडून टाक करून आणला असेल. म्हटलं, "बरं झालं, आई." स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यात एक लहानसा, झिजलेला, चांदीचा गोल दिसला, हळदीनं माखलेला. मी लांबूनच हात जोडले आणि पळाले.

चंपाषष्ठी आली. आईंनी भरीत-रोडग्याचा नैवेद्य करायचा आणि तळी भरायची ठरवली. तळीला पुरुषमाणसं लागतात. माझा नवरा नितीन, त्याच्या ऑफिसातला साळवी, बिल्डिंगमधले आणखी दोघं, आणि पाचवे वर्तक सर. सर सोवळ्याओवळ्याचे नव्हते, पण आईंना नाही म्हणायची कुणाची छाती? हॉलमध्ये सतरंजी टाकली. ताम्हणात विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या, भंडारा, आणि मधोमध टाक. पाचांनी ताम्हणाला हात लावला आणि साळवीनं दणदणीत आवाज दिला, "सदानंदाचा येळकोट!"

"येळकोट येळकोट जय मल्हार!" ताम्हण वर गेलं. तिथं चार आवाज होते. पाचवा बंद पडला होता.

मी समोरच उभी होते. सरांची नजर ताम्हणात होती आणि चेहरा असा झाला होता की मला वाटलं, यांना अटॅक आला. ताम्हण दुसऱ्यांदा वर गेलं, तिसऱ्यांदा गेलं. सरांचे हात थरथरत होते आणि सुपाऱ्या ताम्हणात खडखडत होत्या. आईंना वाटलं, अंगात आलं. त्यांनी भक्तिभावानं सरांच्या कपाळाला भंडारा लावला.

आणि मग, बाई गं, ते जेवण! सर काही बोलले नाहीत. बोलणार कसे? तीन परके लोक घरात. ते मान खाली घालून भरीत खात होते आणि दर दोन घासांना देव्हाऱ्याकडे बघत होते. साळवी म्हणाला, "वहिनी, फोटो काय मस्त आलाय तळीचा! मंडळाच्या ग्रुपवर टाकला बरं का." सरांच्या हातातला रोडगा ताटात पडला. काय झालंय ते मला कळत नव्हतं. पण काहीतरी भयंकर झालंय, एवढं कळत होतं, आणि मी उगाचच सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होते.

पाहुणे गेले. सरांनी स्वतः दार लावलं, खिडकी लावली, पडदा ओढला. मग देव्हाऱ्यासमोर बसले आणि अगदी हळू विचारलं, "आई, हा टाक कुठला?"

"कुठला म्हंजे? तुम्हीच नेलं न्हवं का त्या ठिकाणी? माझी चप्पल अडकली म्हणून वाकले, तर वाळूत हा. काळा पडलेला. चिंच-मीठ लावून घासला तर बघा कसा उजळला! एका बाजूला मल्हारी, एका बाजूला म्हाळसा बसलेली. मी शोधत न्हवते, सर. त्योच आला."

नितीन म्हणाला, "आई!" एवढंच.

सरांनी ते उचललं नाही, फक्त बोट दाखवलं. "हा मल्हारी नाही, आई. हे जुनं नाणं आहे आणि हा तिबेरियस आहे. रोमचा दुसरा बादशहा. डोक्यावर ते पागोटं नाही, पानांची माळ आहे. आणि ती म्हाळसा नाही. ती... तिच्याबद्दल एकमत नाही. बहुतेक त्याची आई."

"चांगला होता का?"

"नाही हो. लोक त्याला फार भ्यायचे."

नितीन उठून फेऱ्या मारायला लागला. परवानगी सरांच्या सहीची, सहल मंडळाची, वस्तू आमच्या घरात, आणि आईंचं परतीचं विमान पुढच्या महिन्यात. एअरपोर्टच्या स्कॅनरखालून हा देव जाणार होता, आईंच्या पिशवीतून! नितीननं साळवीला फोन करून फोटो डिलीट करायला लावला. "का रे?" "आईला आवडत नाही रे, देवाचा फोटो." मग सरांनी विचारलं, "तोवर किती लोकांनी पाहिला असेल?"

"फ्लश करून टाकू," नितीन म्हणाला. "खलास. विषय संपला."

सर ताडकन उठले. "नितीन! अहो, याच्या राज्यात आधीच्या बादशहाचं, ऑगस्टसचं चित्र असलेलं नाणं खिशात ठेवून शौचालयात गेलं, एवढ्यावरून माणसं मेली आहेत!" आणि मग त्यांच्याच लक्षात आलं आपण काय बोललो ते. ते मटकन खाली बसले. मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. त्या खोलीत आम्ही पाच माणसं होतो आणि चांदीच्या एका चकतीला टरकून बसलो होतो. ईरा दारात उभी राहून म्हणाली, "मम्मा, आर वी गोइंग टु जेल?" मी तिला ओरडले. तिचा काय दोष होता? पण ओरडले.

सरांचं म्हणणं एकच होतं, परत द्यायचं. गुपचूप वाळूत पुरायचं नाही, कारण तिथं आता कुणी बघितलं तर संपलंच. खात्यात जाऊन रीतसर द्यायचं. "आणि सांगायचं काय?" नितीननं विचारलं. सर म्हणाले, "मी उचललं म्हणून सांगेन. मी जबाबदार होतो." त्यांचा आवाज फाटलेला होता. हे काही शूर माणसाचं बोलणं नव्हतं. आम्ही म्हटलं, सर, काकूंचं काय? त्यांनी खिशावर हात ठेवला.

पण आई देईनात. "दारात आलेला देव परत लावायचा? मी न्हाई द्यायची. तुमचा राजा आसंल, माझा मल्हारी हाय. मी भंडारा वाहिलाय त्याला." नितीन चिडला, मी समजावलं, सरांनी तर सांगितलं की दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या दख्खनमध्येही लोक याच्या नाण्यांचे मातीचे ठसे करून गळ्यात घालायचे. तेर गावात सापडलेत. आई म्हणाल्या, "मग? शहाणे होते ते."

दोन दिवस आमच्या घरात तो बादशहा राहिला. लिफ्ट मजल्यावर थांबली की मी कान टवकारायचे. कुरिअरवाल्यानं बेल वाजवली, तर मी दार उघडायच्या आधी देव्हाऱ्यावर पदर टाकला. आईंचा पदर, त्यांच्या अंगावरचा! सर दोन्ही दिवस शाळेत गेले आणि संध्याकाळी नुसते दारात येऊन उभे राहायचे. विचारायचे नाहीत. फक्त आईंकडे बघायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई समोर काकूंकडे गेल्या. काकू डायलिसिसला निघायच्या तयारीत होत्या. डायलिसिसवाल्यांच्या दंडात शस्त्रक्रिया करून एक शीर मोठी केलेली असते, ती दोरखंडासारखी फुगते आणि तिच्यावर हात ठेवला तर आत काहीतरी थडथडतं. काकूंनी आईंचा हात धरून त्यावर ठेवला. "बघा, कसं इंजिन चालतंय!" काकू हसत होत्या. "यांचा सगळा जीव या इंजिनात. मला विचाराल तर पुष्कळ चाललं ते. पण हे ऐकतील तर ना!"

आई परत आल्या. देव्हाऱ्यासमोर बसल्या, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, देव हलवला. कापसात गुंडाळून नाणं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "दे त्या सरांना. माझ्या देवापायी कुणाच्या बायकोचं मशीन बंद पडाय नको." मग आत जाऊन भांडी घासायला लागल्या, घासलेलीच.

उम्म अल क्वैनला सरांना मीच गाडीनं घेऊन गेले. रस्ताभर ते मला सूचना देत होते. काकूंच्या गोळ्या कुठल्या डब्यात, पाणी दिवसाला किती, डायलिसिसच्या सिस्टरचं नाव काय. जणू परत यायचंच नाहीये. मी म्हटलं, "सर, पुरे हो!" तर म्हणाले, "ऐकून घ्या ना, प्लीज." मग मी ऐकून घेतलं.

खात्याच्या कार्यालयात हुदा नावाची एक तरुण इमिराती बाई होती. काळा अबाया, पायात स्पोर्ट्स शूज. सरांनी नाणं टेबलावर ठेवलं आणि पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हणून टाकलं, की सहलीच्या वेळी मी हे उचललं, चूक झाली. तिनं हातमोजे घातले, भिंगाखाली धरलं. बराच वेळ बघितलं. मग बोटाच्या टोकावरचं पिवळं दाखवत म्हणाली, "टीचर, दिस इज टर्मरिक."

सरांचा हात खिशाकडे गेला.

"यू कुक्ड इट?" ती हसली नाही. "कम थर्सडे मॉर्निंग. शो मी द प्लेस. एक्झॅक्ट प्लेस." एखादी वस्तू नेमकी कुठं सापडली हे कळलं नाही तर तिचा अर्धा उपयोग जातो, असं काहीसं ती म्हणाली. पण सर ते ऐकत नव्हते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "सुजाता, मला जागा कुठं माहितीये?"

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसानं एकच खोटं बोलावं आणि तेही असं गळ्याशी यावं! आईंना घेऊन गेलो असतो तर प्रश्न सुटला असता, पण मग ते खोटं उघडं पडलं असतं. सर म्हणाले, आईंना नाही आणायचं. आई म्हणाल्या, मी येणार. आणि गुरुवारी सकाळी त्या नऊवारी नेसून माझ्या आधी गाडीत जाऊन बसल्या.

तिथं नुसती वाळू, शंख-शिंपल्यांचा चुरा, मधूनमधून गुडघ्याएवढ्या जुन्या भिंती, आणि पलीकडे हायवे. हुदाबरोबर वर्दीतला एक माणूसही होता. तो नुसता उभा होता. सर पुढं चालत होते, उगाच थांबत होते, इकडं वळत होते. शेवटी एका भिंतीच्या कोपऱ्याशी थांबून म्हणाले, "हिअर." हुदानं तिथं एक छोटं निशाण रोवलं.

"तिथं न्हवं," आई म्हणाल्या.

मी त्यांचा दंड दाबला. त्यांनी झटकला आणि सरळ चालत सुटल्या. उन्हात, वाळूत, चपला फटफटवत, एका पडक्या उंबऱ्यासारख्या दगडापाशी गेल्या आणि उकिडव्या बसल्या. "हितं. ह्या दगडाच्या पायाशी." मग सरांकडे बघून म्हणाल्या, "सांगा त्या पोरीला. मी उचललं. ह्यांनी न्हाई. ह्यांनी तर बजावलं होतं, शंख पण उचलू नका म्हणून."

हुदानं सरांकडे बघितलं. "व्हॉट डज शी से?"

सरांनी श्वास घेतला. आणि ज्या माणसाचा आवाज मी कधी पडद्यापलीकडे गेलेला ऐकला नव्हता, तो माणूस त्या उघड्या माळावर, वर्दीवाल्याला ऐकू जाईल इतक्या खणखणीत आवाजात म्हणाला, "शी सेज, आय पिक्ड इट अप हिअर. शी वॉज ओन्ली विथ मी. शी इज लाइक माय मदर, शी रिमेम्बर्स द प्लेस बेटर."

हुदा खाली वाकली आणि आईंना चक्क हिंदीत विचारलं, "अम्मा, टीचर झूठ बोलते हैं?"

देवा रे! लहानपणापासून हिंदी सिनेमे बघून वाढलेली पोरगी ती. आम्ही दोघं जागच्या जागी थिजलो. आईंनी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "हां. मेरे वास्ते बोलते है."

"आपने क्यों उठाया?"

"देव समझके उठाया, बेटी. हमारा देव ऐसाच दिखता है."

"और हल्दी?"

"देव को हल्दी नहीं लगायेंगे तो किसको लगायेंगे?"

हुदा उभी राहिली. आता ती सरांकडे वळली आणि इंग्रजीत विचारलं, खोटं का बोललात. सरांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते म्हणाले, "मॅडम, शी डज नॉट नो हाऊ टु बी अफ्रेड. आय नो. सो आय थॉट, लेट मी डू इट."

तिनं वर्दीवाल्याशी अरबीत बराच वेळ काही बोलून घेतलं. मी त्यांच्या तोंडांकडे बघत होते आणि मनात काकूंचं ते थडथडणं ऐकत होते. शेवटी हुदानं आईंनी दाखवलेल्या जागी निशाण रोवलं आणि सरांना म्हणाली, "यू विल नॉट ब्रिंग ग्रुप्स हिअर अगेन. नेव्हर. द रेस्ट, आय राइट माय रिपोर्ट, दे डिसाइड. वी विल कॉल यू, इन्शाल्ला."

जाताना तिनं आईंना हात देऊन उठवलं. गाडीत आई म्हणाल्या, "चांगली पोर हाय. माझ्याकडं बघून हसली." सर मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही.

आई जानेवारीत परत गेल्या. खात्याचा फोन काही आला नाही. सरांची ती थंडी कशी गेली, ते मी समोरून बघितलंय. फोन वाजला की ते आधी काकूंकडे बघायचे, मग फोनकडे. शाळेत प्रिन्सिपलनं बोलावलं की मला मेसेज यायचा, "बोलावलंय." आणि तासाभरानं दुसरा, "वार्षिक संमेलनासाठी होतं." मी वैतागून म्हणायचे, कशाला कळवता हो मला, माझा जीव खालीवर होतो! पण मेसेज नाही आला तर मीच जाऊन बेल वाजवायचे. ईरा त्यांच्याकडे जात राहिली. पण सर आता रोमबद्दल बोलायचे नाहीत, तिला शिवकाल शिकवायचे. मार्चमध्ये खात्याकडून दोन ओळींची ईमेल आली, की वस्तू जमा झाली, प्रकरण बंद. सरांनी ती मला चार वेळा वाचायला लावली, कुठं काही आडून लिहिलंय का ते बघायला. काही नव्हतं. मेमध्ये करार वाढला. काकूंनी शिरा केला, स्वतः चमचाभरच खाल्ला.

पुढच्या हिवाळ्यात काकू गेल्या. मशीन चालू होतं, इन्शुरन्स चालू होता, व्हिसाही होता. एका सकाळी डायलिसिसच्या खुर्चीतच गेल्या. ज्या मरणाला लांब ठेवायला सर इतकी वर्षं सगळ्या जगाला भिऊन राहिले होते, त्यानं यातलं काहीच विचारलं नाही.

सरांनी राजीनामा दिला. निघायच्या दिवशी मी खाली सोडायला गेले. टॅक्सीत दोन बॅगा, बाकी काही नाही. ड्रायव्हर यल्ला यल्ला करत हॉर्न वाजवत होता. मी आपलं नेहमीचंच बोलले, "सर, पासपोर्ट घेतलात ना? एकदा बघा. पेणला पोचल्यावर लगेच फोन करा. आणि विमानतळावर काही विचारलं तर घाबरू नका."

सर माझ्याकडे बघत राहिले. शांत होते. इतके शांत मी त्यांना कधी पाहिले नव्हते आणि मला ते बघवेना.

"नाही हो, सुजाता," ते म्हणाले. "आता कुणासाठी भिऊ?"

टॅक्सी वळली. मी तिथं फुटपाथवरच रडत उभी राहिले.